माळा, अकरा महिन्यांसाठी

करारात लिहिलंय : दुसरा मजला, माळ्यासह,
तांबट लेन, जुने नाशिक.
पूर्वेस बोळ, पश्चिमेस बोळ,
उत्तरेस शेजाऱ्याची भिंत, दक्षिणेस आकाश.
आकाश मी वाढवलं.
तिथं ‘मोकळी जागा’ होतं.

दहीपुलापाशी टेम्पोवाल्यानं हात टेकले,
फ्रीज पुढं हातगाडीवरून आला
आणि जिन्याच्या वळणावर अडकून बसला.
न बोलावता चार जण आले,
चौघांनी पाच उपाय सांगितले.
शेवटी दार काढावं लागलं.
फ्रीजचं नाही, घराचं.

मालकांची सून जाहिरातीत म्हणते ‘लॉफ्ट’.
ऋचिता नाव तिचं. पुण्याहून फोनवर समजावत होती :
तुळया जुन्याच ठेवल्यात, मुद्दाम.
विटा उघड्या ठेवल्यात, मुद्दाम.
झोपताना डोकं जपा,
ते मात्र मुद्दाम नाही.

मालक म्हणतात माळा.
मनोहर तांबट, वय चौऱ्याहत्तर,
जिना चढताना मध्येच थांबतात
आणि दम लागलाय हे कळू नये म्हणून
कठड्याची तपासणी करतात.
‘इथं हंडे असायचे. लग्नसराईचे.
एकात एक, एकात एक, थेट आढ्यापर्यंत.
खाली ठोकायचो, वर रचायचो.
आता खाली मोबाइलची कव्हरं मिळतात.’

भाडं अकरा हजार, वीज वेगळी.
कलम नऊ : पूर्वेकडील भिंतीस खिळा मारू नये.
मी सही केली. खिळ्याला टांगण्यासारखं
माझ्याकडं होतं तरी काय?
एक कॅलेंडर, तेही कंपनीचं.

अंबडच्या कारखान्यात मी पत्रा मोजते.
शून्य दशांश आठ. शून्य दशांश आठ.
शून्य दशांश सात चार – बाजूला.
आठ तास. मग बस, मग रिक्षा, मग
बोळात शिरताना पर्स छातीशी धरून
समोरच्या स्कूटरला वाट देणं.

तिसऱ्या महिन्यात ते भाडं मागायला आले.
भाडं तर मी एक तारखेलाच पाठवलं होतं.
‘हो का,’ म्हणाले, आणि बसले.
चहा ठेवला. त्यांनी ओट्यावरचं पातेलं उचललं,
नखानं टिचकी मारली, कान लावला.
‘बूड पातळ. दूध लागत असणार.’
लागतं.
मग ताटली. मग झाकण. मग माझी पाण्याची बाटली.
मी गंमत म्हणून बॅगेतून नमुन्याचा तुकडा काढून दिला.
त्यांनी तो दोन बोटांत अधांतरी धरला, टिचकी.
‘आठाला जरा कमी.’

मी मायक्रोमीटर काढलं नाही.
खरं म्हणजे, काढलं. ते गेल्यावर.

पण जाण्याआधी ते पूर्वेच्या भिंतीपाशी थांबले,
पांढरी, गुळगुळीत, सुनेनं बसवून घेतलेली,
आणि बोटाच्या पेरानं वाजवत सरकत गेले :
भरीव नाही, भरीव नाही, भरीव नाही,
इथं.
आवाज बदलला, मलासुद्धा कळलं.
‘कोनाडा आहे आत. पोरांनी बोर्ड ठोकला
तेव्हा मी काही बोललो नाही.
हातोड्या आहेत सात. वडिलांच्या दोन.
भंगारवाला किलोनं मागत होता.’
‘काढायच्यात का?’ मी विचारलं.
त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं
जसं मी बूड पातळ असलेलं काहीतरी बोलले.
‘कशाला? नीट आहेत तिथं. भाडेकरूच आहेत.
फक्त खिळा मारू नका.’
आणि चप्पल घालता घालता :
‘बाटली बदला. त्यात काही नाही.’

आता रात्री दुकानांची शटर पडल्यावर
कुठूनतरी, दोन आळ्या पलीकडून,
अजून कुणीतरी एकटाच ठोकत असतो,
टण् टण्, थांबून, टण्.
मी चढून माळ्यावर जाते,
डोकं जपते,
उशी पूर्वेकडं घेते.
आठ महिने उरलेत.
कधी कधी बोटाचं पेर भिंतीवर टेकवते,
वाजवत नाही.