कोरडीला कोरड्यास

लांडाऊच्या छापखान्यातून निरोप आला आहे:
शुक्रवारपर्यंत मागच्या लेबलचा मजकूर द्या,
दोन ओळी, जास्त नकोत,
कशासोबत प्यावी एवढंच.

आन्नेग्रेट स्वयंपाकघरात टेबलाशी बसते.
पेन्सिल कानामागे. नखांच्या कडा अजून जांभळ्या,
त्या नाताळपर्यंत जात नाहीत.
समोर बाटली. मेर्लो. खाली एकच शब्द ठसठशीत:
ट्रॉकन.
म्हणजे कोरडी.

कोरडी म्हणजे रुसलेली नव्हे.
साखर होती, ऑक्टोबरच्या उन्हाने हात सैल सोडून दिलेली.
यीस्टने पिंपात बसून ती कणकण खाल्ली,
उधारी ठेवली नाही.
उरलं ते जिभेच्या कडा धरून ठेवणारं,
थोडं तुरट जांभळासारखं,
थोडं चुलीतल्या गार राखेसारखं.

आता अशा कोरडीला कोरड्यास काय?

पहिली ओळ सोपी. सगळेच लिहितात:
हरणाचं मांस, कोकरू, मुरलेलं चीज.
ती लिहिते आणि खोडते.
या घरात हरीण शेवटचं शिजलं कधी?

रानडुक्कर मात्र शिजतं.
सप्टेंबरात रात्री ती जंगलातून उतरतात,
विजेच्या तारेखालून, पिल्लांसकट,
आणि पिकलेली ओळच्या ओळ चाटूनपुसून नेतात.
शेजारच्या कच्च्या घडांना तोंड लावत नाहीत;
साखर मोजायचं यंत्र त्यांच्या नाकातच आहे.
मग फोल्कमार बंदूक काढतो,
आणि ज्याने मेर्लो खाल्लं
तो नोव्हेंबरात मेर्लोतच तीन तास रटरटतो,
चेस्टनट, तमालपत्र, एखादं गाजर.
याला जोडी म्हणावं की निकाल?
लेबलवर मावणार नाही.

द्राक्षं तोडायला येणारी व्हियोरिका
कोबीच्या पानांत खिमा गुंडाळते, आंबट, धुरकट,
आणि वाइन चहाच्या कपातून पिते.
तेही जमतं. उत्तम जमतं.
कप लिहायचा का?

वडिलांनी ही वेल कधी आपली मानली नाही.
"कस्तुर पक्ष्याच्या नावाची फ्रेंच पोर," म्हणायचे,
"रीसलिंगच्या जमिनीत हिचं काय काम?"
एकोणीस वर्षं
त्या पिंपाजवळून जाताना ओटमार मान वळवायचे.
प्यायले एकदाच,
इस्पितळातून घरी आले त्या संध्याकाळी;
डॉक्टरांनी गोड बंद केलं होतं,
त्यांची लाडकी अर्धगोड रीसलिंगसुद्धा.
"हिच्यात नाही ना साखर?"
"नाही, पापा."
ताटलीत सकाळचा उकडलेला बटाटा, मीठ,
लिव्हर सॉसेजचा बोटभर काप.
घोट घेतला. बराच वेळ भिंतीकडे पाहिलं.
म्हणाले, "बटाटा चांगला आहे."
आणि रिकामा ग्लास पुढे सरकवला.

शुक्रवारी दुपारी छापखान्यातून फोन.
"रानडुक्कर, कळलं.
पण पुढे 'गार बटाटा' लिहिलंय तुम्ही.
चूक तर नाही?"
"नाही."
"बटाट्याचं सॅलड करू का? हँबर्गची गिऱ्हाइकं..."
"नको. गार बटाटा. मीठ लावून."
पलीकडे थोडी शांतता, मशीनची घरघर.
"दुसऱ्या ओळीत जागा उरते आहे."

"उरू दे," ती म्हणते,
आणि ताटली धुवायला घेते.