जाण्याच्या पाच जागा

लाइट गेली की माग थांबायचे,
अख्ख्या अक्कलकोट रोडच्या कानाचा दडा सुटायचा,
आणि टॉवेलच्या गठ्ठ्यांवर बसून
आम्ही भांडायचो, क्रियापदावरून.

राजमोगली म्हणायचा, ते शेवटीच.
घरात तेलुगू, गल्लीत कानडी, शाळेत मराठी,
चहाच्या गाड्यावर मेहबूबची दखनी,
चारही भाषांत क्रियापद शेवटी येतं,
जेवणानंतरच्या पानासारखं.
"चौघांत एकाचंबी चुकत नाही,
मग तुझी ही बसून बनवलेली भाषाच
मधी का कडमडलाली बे?"

मी पंचिंगवाली. जेकार्डच्या पुठ्ठ्यांना भोकं पाडते.
भोक असेल तर उभा धागा उचलला जातो,
नसेल तर नाही. मधलं काही नसतं.
लोजबान मला म्हणूनच आवडली असेल,
तिच्यात लाजणं नाही, नुसत्या जागा आहेत.
क्लामा म्हणजे जाणं. त्याला जागा पाच:
कोण, कुठे, कुठून,
कोणत्या वाटेनं, कशानं.
ताण्यातल्या धाग्यांसारखा क्रम ठरलेला.
क्रियापद मधे बसव नाहीतर सगळ्यांच्या मागे,
जागा हलत नाहीत.
फक्त अगदी पहिलं ठेवलंस
तर पहिली जागा मोकळी पडते.
जातंय.
कोण, ते सांगितलेलं नाही.

"हे कसलं व्याकरण? माणूसच गायब?"
मी म्हटलं, तुमच्या शेडला आग लागली तेव्हा
तू काय ओरडलास?
तो गप्प झाला. बोटाला लागलेला कापूस काढत राहिला.
"पेटलं, म्हणून ओरडलो.
काय पेटलं, कुणी विचारलं नाही."
मग जरा वेळानं,
"पण रोज थोडंच पेटतंय."

मेहबूब कप विसळता विसळता म्हणाला,
"पैसे कौन देता, वो कितवी जागा?"

दिवाळीआधी त्याचा कारखाना बंद पडला.
एसटी स्टँडवर त्यानं बोटांवर मोजून दाखवलं,
कुठे: भिवंडी.
कुठून: हे काय, इथून.
वाट: मोहोळ, टेंभुर्णी, पुढं डोळा लागेल.
कशानं: लाल डब्यानं, मागच्या चाकावरची सीट.
आणि पहिली जागा?
अंगठा तसाच दुमडलेला ठेवून
तो आईला म्हणाला, वेळ्ळोस्तानु,
मला म्हणाला, येतो.
दोन्हीकडे जाणं येण्याच्या आत लपवलेलं,
दोन्हीकडे शेवटी.

लोजबानमध्ये एक शब्द आहे, झोहे.
जे सांगायचं नाही, किंवा ठाऊक नाही,
त्याच्या जागेवर तो बसतो.
सात महिने मी तोच बसवत होते.

काल रात्री मोबाइलवर त्याचा एकच शब्द आला.
क्लामा.
मागेपुढे काही नाही.
आणि त्या भाषेत येणं आणि जाणं
दोन्हीला हाच शब्द.
मी लिहिलं, हरलास. क्रियापद आधी ठेवलंस.
बराच वेळ तो लिहितोय असं दिसत राहिलं.
मग उत्तर आलं:
शेवटीच ठेवलंय बे.
त्याच्या आधी कोण नाही, एवढंच.

सकाळी मेहबूबला विचारलं,
येऊलालाय म्हणायचं, की जाऊलालाय?
त्यानं उत्तर दिलं नाही.
दोन कप मांडले,
एकात ओतला.