अर्धं पिंप

विमाननगरच्या मॉलमध्ये ती गोल, काळी, झाकणाची
तीन पायांवर उभी होती, एकोणीस हजारांना.
विकणाऱ्या पोरानं झाकण उचलून दाखवलं,
वर थर्मामीटर, खाली राखेची वाटी.
मी बोटानं पत्रा वाजवला.
एकतीस वर्षं दापोडीच्या वर्कशॉपात एसटीचे पत्रे ठोकले,
बोटाला कळतं.
"काका, काय ग्रिल करणार?"
वांगी, म्हणालो.
त्यानं झाकण हळूच खाली ठेवलं.

मग भवानी पेठ. टिंबर मार्केटच्या मागे
मकबूलभाईंकडे पिंपं रांगेत,
कुणात रंग होता, कुणात औषध, कुणात खायचं तेल.
"रंगाचं नको, दहा वेळा जाळलं तरी
वास भरतात उतरतो. तेलाचं घ्या."
आडवं कापायचं, वरच्या अर्ध्याला बिजागरी, पाय सळईचे,
बुडाला चार भोकं, भोकांवर सरकती पट्टी,
म्हणजे हवा आपल्या हातात.
मग खडू उचलून विचारलं,
"माणसं किती?"

बारा, म्हणालो.
का म्हणालो कोण जाणे.
यामिनीनं पिशवीचा बंद मनगटाला गुंडाळला, सोडला, गुंडाळला.
पोरगा पर्थला. त्याची गॅसवरची आहे,
बटण दाबलं की पेटते, फोटो पाठवतो.
मकबूलभाईंनी रेघ मारली, अंगठ्यानं पुसली.
"बारा सणाचे झाले. रोजचे सांगा."
रोजचे दोन.
"मग हे लहान पिंप बास."
"नाही," यामिनी म्हणाली, "मोठंच कापा."

कोळशाचं आणखी निराळं.
बोपोडीत शेवंताबाईंची वखार, अंधारी, आत एक मांजर,
मूळचं पांढरं असावं.
त्यांनी दोन तुकडे एकमेकांवर आपटून ऐकवले.
"हा बाभळीचा. कपबशीसारखा वाजतो.
हा आंब्याचा, थप् करतो. लवकर पेटतो, लवकर रडतो."
करवंटीचाही होता, कडक आणि कोरडा,
आणि पुठ्ठ्याच्या खोक्यात ब्रिकेट, सगळे एका मापाचे,
प्रार्थनेला उभ्या केलेल्या पोरांसारखे.
"जळतात इमानानं. पण भुकटी आणि खळ, दुसरं काही नाही त्यात."
पाच किलो बाभळीचा घेतला.
सुट्टे नव्हते, म्हणून एक किलो आंब्याचा.

रॉकेल घालायचं नाही एवढं ठरलेलं.
तुपाच्या डब्याला खिळ्यानं भोकं पाडली,
तळाशी पुरवणीतलं राशिभविष्य चुरगाळून, वर कोळसा.
धूर. नुसता धूर.
यामिनी खोकत म्हणाली, एकोणीस हजारांचीच घ्यायची होती.
वीस-पंचवीस मिनिटांनी कडा पांढुरक्या झाल्या,
पिंपात ओतला.
एवढ्या लांब निखाऱ्यावर दोन वांगी,
मुक्कामाच्या रिकाम्या एसटीत
पुढच्या बाकावर बसलेल्या म्हाताऱ्यांसारखी.

वांगी झाली, साल तडकली, पाणी सुटलं,
निखारा नुकता कुठे रंगात आलेला.
भिंतीवरून हाक यामिनीनंच मारली.
लुणावतांचा ऋषभ कणसं घेऊन आला,
पिल्लेबाई केळीच्या पानात बांगडे, हळद लावलेले.
झाली पंचाईत.
मी जाळीवर मधोमध तार ओढली,
इकडे कणसं, तिकडे बांगडे.
धूर तारेवरून येत-जात राहिला, त्याला कोण सांगणार.
खिडकीतून लुणावतकाकूंनी विचारलं,
"वारा कुठला आहे?"
नदीकडचा.
"मग कणसं नदीकडे घ्या."
घेतली.

साडेदहाला झाकण लावलं, पट्ट्या सरकवल्या.
हवा तुटली की निखारा थोडा वेळ कुरकुरतो,
मग गप्प.
सकाळी उघडलं, तर अर्धा कोळसा शिल्लक.
टाकू नका, शेवंताबाई म्हणाल्या होत्या,
एकदा जळलेला दुसऱ्यांदा लवकर धरतो.
यामिनीनं दोन डबे काढले.
एकावर खडूनं लिहिलं, वापरलेला, कणसांकडचा.
दुसऱ्यावर, वापरलेला, बांगड्यांकडचा.