भिजत ठेवलेलं

थोरा तिचं नाव, पण घरात धाकटी.
स्ट्रॉमनेसच्या बंदरातून सकाळी साडेसहाला फेरी सुटते,
तिच्या पोटात गाड्या चढवून घेणं हे थोराचं काम.
हातवारे करत : या, या, अजून या. थांबा.

डिसेंबरात इथे उजाडतं नऊला.
साडेचारला उठून पातेल्यापाशी पळी घेऊन उभं राहणं
बापाला जमायचं.
तो ओट्स शिजवायचा नुसत्या पाण्यात, मीठ घालून,
उजव्या हाताने, सुलट.
उलटं ढवळलं तर वारा फिरतो म्हणायचा.

थोरा रात्रीच उरकते.
मार्मलेडची जुनी बरणी, लेबल अर्धं निघालेलं.
दोन मुठी ओट्स,
बुडून वर बोटभर येईल इतकं दूध,
चमचाभर दही, खरं तर दोन.
सफरचंद सालासकट किसायचं,
साल दातात अडकते, पण टाकवत नाही.
मग रुबार्ब, आंबट लाल देठांची,
जूनमध्ये परसातून कापून साखरेत शिजवून गोठवलेली.
या बेटावर झाडं वाऱ्यापुढे टिकत नाहीत,
रुबार्ब मात्र माजते.
वर मूठभर गोठलेल्या रासबेरी, खड्यांसारख्या वाजणाऱ्या.
झाकण. फ्रीज. दिवा बंद.
पुढचं काम रात्रीचं.

मॅन्सी, थोरला, ॲबर्डीनची नोकरी सुटली म्हणून
ऑक्टोबरपासून मागच्या खोलीत राहतो.
बापाची बोट त्याने विकली, न विचारता,
बाप जाऊन महिनाही झाला नव्हता तेव्हा.
त्यावर दोघं बोललेली नाहीत.
नऊ वर्षांचं भिजत घोंगडं.
आणि घोंगडं काही ओट्ससारखं फुलत नाही,
नुसतं जड होत जातं.

ती दोन बरण्या करायची, सोमवारची आणि मंगळवारची.
एका मंगळवारी फ्रीज उघडला, तर बरणी नाही.
सिंकपाशी होती, धुऊन पालथी घातलेली.
ती काही बोलली नाही.
त्या रात्री तीन केल्या.
ओट्सची पिशवी दहा दिवसांऐवजी सहात संपू लागली,
तेवढीच काय ती बोलाचाली.

फेब्रुवारीत वादळ झालं.
फेरी पलीकडे अडकली, थोरा घरी आली मध्यरात्री,
मोज्यांपर्यंत भिजून.
दूध घ्यायला फ्रीज उघडला.
दोन बरण्या.
केळं जाड चिरलेलं, काळं पडलेलं,
रुबार्बचे अख्खे दांडे,
दूध इतकं कमी की ओट्सचा गिलावा झालेला.

सकाळी डेकवर उभ्याउभ्या खाल्लं तिने.
चमचा बरणीत सरळ उभा राहत होता.
आणि मीठ!
बाप घालायचा तेवढं मीठ.
मेंढ्यांचा ट्रक हॉर्न वाजवतोय,
हिचं तोंड भरलेलं,
एका हाताने : या, या, अजून या.
तळ खरवडून संपवली.

संध्याकाळी मागच्या खोलीच्या दाराशी थबकली.
दूध जरा जास्त घालत जा, म्हणाली.
आतून बराच वेळ काहीच नाही.
मग : किती?
वर बोटभर येईल इतकं.

पलंग करकरला.
कुणाचं बोट?