काखेतलं कोकरू फुकट

इंद्रिकिसच्या वहीत दर असे होते:
माणशी दोन कोपेक, घोडागाडी पंधरा,
प्रेताला काही नाही, सोबतच्या पाद्र्याला मात्र पुरते,
काखेतलं कोकरू फुकट.
खाली ठेवलं तर एक कोपेक.

गौया तिथे रुंद नाही. हाक पोचते.
तरी पलीकडून कुणी लोखंडी पट्टीवर हातोडा मारायचं
आणि हा अर्ध्या जेवणावरून उठायचा,
दोरखंड ओढत तराफा न्यायचा.
नदी थिजली की बर्फात फांद्या रोवून वाट आखायचा,
आधी स्वतः चालायचा, कमरेला दोर बांधून.
दोराचं दुसरं टोक बायकोच्या मुठीत.

मग रीगाहून इंजिनिअर आले.
एकोणीसशे अकरा. दगडाचे चार खांब, वर लोखंड.
बँड वाजला. तराफा जळणाला गेला.
इंद्रिकिसला नाक्यावरची खुर्ची मिळाली,
बिल्ला मिळाला, एक नंबर मोठी टोपी मिळाली.
सव्वीस वर्षं तो पुलाच्या तोंडाशी बसला
आणि पुलावर एकदाही पाऊल टाकलं नाही.
पैलतीरी काम निघालं तर छोटी नाव काढायचा.
दर वसंतात तिला डांबर फासायचा.
लोक विचारायचे, आता कशाला?
म्हणायचा, लाकूड आहे. फासलं नाही तर कुजतं.

चव्वेचाळीसच्या सप्टेंबरात
माघार घेणाऱ्या फौजेनं पहाटे पूल उडवला.
खिडक्या गेल्या. मासे पोटं वर करून तरंगले.
त्याच्या मुलीचा, स्काइद्रीतेचा, नवरा
दुधाचे कॅन घेऊन पलीकडे अडकलेला.
तिनं छपरी उघडली.
बाप जाऊन सात वर्षं झाली होती, डांबर ताजं होतं.
दरसाल तीच फासत होती,
का, ते तिलाही कुणी विचारलं नव्हतं.

तीन दिवस ती वल्हवत होती.
नवरा पहिल्या खेपेला आला आणि दुसऱ्या वल्ह्याला बसला.

आता सिमेंटचा पूल आहे, लाकडांचे ट्रक जातात.
त्यांतल्या कुणाला उतारू म्हणता येत नाही,
उतरत कुणीच नाही.
पाणी आटलं की जुना एक खांब दिसतो, त्यावर शेवाळ.

वही मी पाहिली आहे.
शेवटच्या पानांवर अक्षर बदलतं:
एकशे बारा माणसं, दोन शिवणयंत्रं,
एक बाई, दिवस भरलेली. रकाना कोरा.
मग एक कोकरू. "काखेत नव्हतं, नावेत उभं होतं."
पुढे एक कोपेक लिहिलेला,
आणि खोडलेला.