उसवण

केवळराम नान्हे यायचा दिवाळीनंतर,
मंडईच्या आठवड्यात.
हातात तोच विटकरी बनियन, पाठीवर सात.
"नाव उसवा जी. आकडा राहू द्या."

लाखांदूरच्या बसथांब्यामागे माझं दुकान,
म्हणजे एक मशीन अन् पत्र्याखालची सावली.
मंडळं नवे बनियन द्यायची. तो घालायचा नाही.
"नायलॉन हाये. दम कोंडते त्याच्यात."

पहिल्यांदा उसवलं ते दिघोरी, त्याचंच गाव.
शिवलं पालांदूर.
मग पवनी, मग वडसा,
वैनगंगेच्या पलीकडे ब्रह्मपुरी, नागभीड,
दोन रात्रींसाठी सिंदेवाही
(अक्षरं फार, मी पाच रुपये जास्त घेतले),
एक हंगाम भिलाईला, तिथून आला तो
हिंदी शिव्या अन् लोखंडी पेटी घेऊन.
चढाईचे पैसे रोख. एकदा कूलर मिळाला.
एकदा बोकड, त्याचं अर्धं तिकीट
कंडक्टरनं फाडलं म्हणे साकोलीपर्यंत.

लोक म्हणत, भाड्याचा गडी.
तो ऐकायचा. माझ्या सुईकडे बघत राहायचा.

बाप ढिवर. तलावात अडकलेलं जाळं सोडवायला
बुडी मारायचा, पोरगा काठावर आकडे मोजायचा.
तीस, चाळीस, पन्नास.
एकदा एकशे दहा झाले. पोरगा रडायला लागला.
बाप वर आला दातात मासा धरून, हसत.
"माहा दम पान्यातला हाये," तो सांगायचा,
"मातीवर तं नुसता खर्च करतो."

पालांदूरकडून तो दिघोरीत उतरला, ती रात्र मी पाहिली.
हॅलोजनखाली शेणसड्याचं मैदान,
मागे धान कापलेल्या बांध्या, थंडी.
डाव्या कोपऱ्यात चुलतभाऊ तुळशीदास.
केवळरामनं त्यालाच शिवलं, पायाच्या अंगठ्यानं,
अगदी हळू, झोपलेल्याला उठवावं तसं.
आई बायांच्या घोळक्यात होती.
तिनं टाळ्या वाजवल्या.
कोणासाठी, ते तिला कोणी विचारलं नाही.

मग मॅट आली, बूट आले.
"माती पाय धरते जी. मॅट सोडून देते."
दिग्रसला गुडघा गेला,
वाळकी पऱ्हाटी मोडावी तसा कडकन,
अन् पंचानं आधी शिट्टी वाजवली, मग पाणी मागवलं.

यंदा तो आला मंडई उलटून गेल्यावर.
"उसवा."
शिवू काय?
"काही नोको."

मी दोरा ओढला. शेवटचं नाव
टेबलावर पडलं, अक्षर अक्षर.
त्यानं बनियन उजेडात धरला.
पाठीवर छिद्रांवर छिद्रं,
गावावर गाव टोचलेलं.
"दिघोरी दिसते काजी? खालून पयली."
मी चष्मा पुसला. नुसती चाळणी होती.
दिसते, म्हटलं.

पैसे मोजून ठेवले त्यानं, सिंदेवाहीच्या भावानं.
रस्त्याच्या कडेला नगरपंचायतीनं
नुकताच पांढरा पट्टा मारलेला.
तिथे तो वाकला,
बोट पट्ट्याला लावलं, मग कपाळाला,
अन् श्वास भरून
पलीकडे गेला.