गोलकीपरला विचारा

वजिराबादेत चहाच्या गाड्यावर
अजून निघतो तो वाद,
हंबर्डे भारी का हरनाम?
मग कुणीतरी माझ्याकडं हात करतो:
ह्याला विचारा की, हा गोलात उभा राहायचा.

मला काय विचारता.
अकरा वर्षं मी दोघांच्या पाठीच बघितल्या.
तोंडं बघितली ती समोरच्यांनी,
आणि ते परत सांगायला आले नाहीत.

दिगांबर हंबर्डे, उजवा फुलबॅक.
मॅच संपली तरी शर्ट कोरडाच.
पळायचा नाही फार.
चेंडू जिथं येणार तिथं आधीच उभा,
बँक उघडायच्या आत
पासबुक घेऊन रांगेत लागल्यासारखा.
स्टिक मुरमाला टेकलेली, पार आडवी,
सारवणाऱ्या बाईचा हात असतो तशी.
ठक्.
एवढाच आवाज. चेंडू दुसरीकडं गेलेला.
लोक शेंगा सोलत बसायचे.

आणि हरनामसिंग कारागीर, डावा.
जुड्यावर पांढरा रुमाल,
स्टिकच्या मुठीला सायकलच्या ट्यूबची पट्टी.
तो अडवत नव्हता, हिसकून घ्यायचा,
आणि एकदा हिसकला की कुणाला देतोय!
एक गडी, दोन गडी, मधली रेष ओलांडून पार तिकडं,
नि इकडं माझ्यापुढं
डावीकडचं सगळं रान उघडं,
उन्हात भाजलेलं.
मी ओरडायचो, हरनाम्या, माघारी ये!
लोक उभे राहिलेले असायचे.
कुणाला ऐकू जाणार?

गोल मारणाऱ्याचं नाव खडूनं पाटीवर लिहायचे.
जो गोल झालाच नाही
तो कुठल्या पाटीवर लिहावा,
हे काही कमिटीला सुचलं नाही.
म्हणून तुमचा हिशेब लागत नाही.

एकदा, सेमी फायनलला, हैदराबादच्या टीमनं
शेवटच्या मिनिटाला एक साधा चेंडू ढकलला.
दोघांच्या मधून आला,
माझ्या दोन पायांमधून गेला.
फळीवर वाजला तो आवाज
अजून कधीकधी दार आपटलं की येतो.

परत येताना जुन्या पुलावर दोघं भांडले.
माझी चूक, हंबर्डे म्हणाला.
तुझी कशी, माझी बाजू होती, हरनाम म्हणाला.
लायनीत होता माझ्या!
अरे माझ्या रे!
खाली गोदावरीत पाणी नव्हतंच, म्हशी बसलेल्या.
कॉलर धरायची वेळ आली
तरी मला कुणी काही विचारलं नाही.
पॅड काखेत घेऊन मी मागं चाललो होतो,
नेहमीसारखा.

हरनामला रेल्वेनं नेलं, सिकंदराबादला.
पेपरात फोटो आला, तोंड तेव्हा नीट बघितलं.
हंबर्डे विष्णुपुरीला पंपावर लागला,
पाणी सोडायचं, पाणी बंद करायचं.
मला भेटला की म्हणतो, काय करलालास?
मी म्हणतो, काही नाही.
तो म्हणतो, बरंय.

परवा श्रीनगरच्या कोपऱ्यावर
टेम्पो अगदी अंगावरून गेला.
बायको म्हणाली, डोळे फुटले का?
जन्मभर बघलालाव मी,
रस्ता ओलांडताना तुम्ही डावीकडंच बघता,
उजवीकडं मान म्हणून वळत नाही.

मी फुटपाथवर तसाच उभा राहिलो.
खरंच होतं.
उजवीकडं बघायची
मला कधी सवयच लागली नाही.

आता सांगा, भारी कोण?
ज्याच्याकडं बघावंच लागलं नाही तो,
का ज्याच्यावरून नजर काढताच आली नाही तो?
झोपेत अजून
रुमाल मधल्या रेषेपल्याड हलताना दिसतो
आणि मी ओरडत उठतो.

चहाचे पैसे कुणी द्यायचे ते द्या.
बायको आलीय न्यायला.
हल्ली ती रस्त्यात माझ्या उजव्या अंगानं चालते.
सावकाश.
पदरसुद्धा कोरडा असतो तिचा.